सँचोला नुसतं आळशी म्हणून मोकळं होऊ नका

इंग्लंडचा फुटबॉलपटू जेडन सँचो याच्यावरच्या लेखातलं ‘सँचोला कष्टच नकोत’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. मग जानेवारी २०२४मध्ये मँचेस्टर युनायटेडमधून डॉर्टमुंड या जुन्या जर्मन क्लबला परत गेल्यावर हाच माणूस चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत कसा खेळला? पॅरिसच्या पीएसजी क्लबविरुद्धच्या सेमीफायनलचा पहिला सामना आम्ही सोलापुरात रात्री साडेबाराला सुरू होऊन संपेपर्यंत बघितला. बॉल पायाखाली थांबवायचा, त्यांच्या नुनो मेंडेसला जवळ येऊ द्यायचं आणि खांदा झुकवून निघून जायचं. परत परत तेच. मेंडेससारखा वेगवान डिफेंडर हैराण झाला होता! मागून डॉर्टमुंडचा डिफेंडर रायर्सन वर धावत असल्यामुळे सँचोला जागा मिळत होती. युनायटेडमध्ये तो बॉल घेऊन साइडलाइनला एकटाच उभा दिसायचा.

आमच्या सात रस्त्यावरच्या चहाच्या कट्ट्यावर यावरून अजून कडाक्याची भांडणं होतात. युनायटेडनं त्याच्यासाठी ७.३ कोटी पौंड मोजले म्हटल्यावर लोक बोलणारच, ते मान्य. सप्टेंबर २०२३मध्ये क्लबचा तेव्हाचा मॅनेजर टेन हागच्या विरोधात सोशल मीडियावर लिहिणं ही तर त्याची सरळ चूक. पण २०२१मध्ये त्याला घेताना कुठल्या पद्धतीने खेळवायचं हे क्लबनं ठरवलं होतं का? लेखात यावर एक ओळ तरी हवी होती.