पुन्हा मुदतीचा अर्ज!

रात्री जागून उलटतपासाची तयारी करायची, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या पक्षकार बाईंनी गुडघे धरत कोर्टाचा जिना चढायचा आणि पुकारा झाला की समोरच्या ज्युनिअरने अर्ध्या पानाचा अर्ज सरकवायचा: ‘वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, मुदत मिळावी.’ मंजूर! पुढची तारीख थेट दीड महिन्यानंतरची. डोकं फिरतं हो अक्षरशः.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७, नियम १ काय सांगतो? वकील दुसऱ्या कोर्टात आहे, हे मुदतीचं कारणच होऊ शकत नाही. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत, ही तरतूद २००२ पासून लागू आहे. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये अपवादाला वाट ठेवली, पण ती हाताबाहेरच्या अडचणींसाठी. रोजच्या सबबींसाठी नाही!

मी दरवेळी अर्जावर ‘से’ (आपलं लेखी म्हणणं) देतो, नियम लिहितो, विरोध नोंदवतो. फार तर किरकोळ खर्च बसवतात. समोरचा तो खुशाल भरतो, कारण घराचा ताबा त्याच्याकडे आहे. निकाल लांबला की फायदा त्याचाच.

न्यायाधीशांसमोरचं बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, किती लांबलचक असते, हेही बघतो मी. न्यायाधीश पुरते पिचलेत, मान्य. पण रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारखेगणिक नोंदीत, नुसतं ‘अर्ज मंजूर’? कारणं लेखी नोंदवा असं तोच नियम सांगतो. मग नोंदवा ना! आणि बाईंचा त्या दिवसाचा खरा खर्च तरी वसूल करून द्या.