वर्णनात्मक नोंद

मास्तर कट्ट्यावर आला तोच तणतणत. सहावीतल्या एका पोरानं 'पावसाळ्यातील एक दिवस' चॅटजीपीटीकडून लिहून आणला म्हणे.

"धरित्रीनं हिरवा शालू परिधान केला! सहावीतलं पोरगं 'परिधान' म्हणतं का?"

"तो शालू आपल्या गाईडातही होता," मी म्हटलं. "तूच उतरवला होतास."

"उतरवताना हात तरी दुखायचा. आणि मी साइटवर तपासलंय, 92 टक्के एआय!"

वकिलानं बशी खाली ठेवली. "त्या टक्क्यांवर पोराला चोर ठरवू नकोस. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनंच असं तपासायचं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राचं शंभरातलं 26 सापडायचं, आणि माणसानं लिहिलेलं शंभरातलं 9 यंत्राच्या नावावर जायचं. जुलै 2023 मध्ये गुंडाळलं. तेही इंग्रजीपुरतं होतं. तुझ्या शालूचं काय घेऊन बसलास!"

"मग करू काय?"

"जवळ बसव अन् विचार, बाबा, शालू म्हणजे काय," रिक्षावाला दादा म्हणाला. यावर कुणालाच बोलायला जागा राहिली नाही.

पण वकील सोडतो होय! "सत्र संपत आलं. प्रत्येक पोराबद्दल विषयवार शेरे लिहायचे असतात ना, त्या वर्णनात्मक नोंदी झाल्या तुझ्या?"

मास्तर एकदम गप्प. 48 पोरं, 9 विषय, म्हणजे 432 नोंदी, वर जनगणना नि निवडणुकीची कामं. पूर्वी तयार नोंदींची पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरायची, त्यामुळे माझा निम्मा जीव मास्तरकडेच होता.

"एआयकडून केल्या," तो म्हणाला. "वेळ कुठाय?"

"पोरांची नावं, मार्क, सगळं टाकलंस? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा तो बालक. त्याची माहिती वापरायची तर आईबापाची संमती. कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, पण तोवर तू कुणाला विचारलंस?"

"पीडीएफमध्ये निदान पोरांची नावं नसायची," मी पुटपुटलो.

"पोरानं केलं तर कॉपी, मी केलं तर पाप! आणि वरून येणारी ऑनलाइन माहिती कोण भरणार, तू?"

दादाची मुलगी मास्तरच्याच वर्गात. तो इतका वेळ बिडी न पेटवता हातात धरून होता. "माझ्या पोरीचं काय लिहिलंय?"

मास्तरनं मोबाइल काढून वाचलं. "गटचर्चेत उत्स्फूर्तपणे सहभागी होते. स्वतःचे मत ठामपणे मांडते."

"मास्तर," दादा म्हणाला, "ती दिवाळीपासून घरात कुणाशी बोलत नाही."