बॅकलॉग संपवण्याचे रामबाण उपाय

कॉम्प्युटरवरच्या लायब्ररीत विकत घेऊन न खेळलेल्या गेमची रास, म्हणजे बॅकलॉग, साचली म्हणून तुम्ही हवालदिल झाला आहात, हे मला ठाऊक आहे. काळजी सोडा. पुढचे उपाय श्रद्धेने करा, गुण येईल.

आधी एक्सेल शीट काढा. गेमचं नाव, प्रकार, घेतल्याचं वर्ष आणि 'हाउ लाँग टू बीट' या, गेम संपायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या साइटवरून उतरवलेले तास, असे रकाने हवेत. 'विचर ३'पुढे मुख्य कथेचे पन्नासेक तास आणि सगळं करायचं तर दीडशेच्या वर, हे लिहितानाच जो थकवा येतो, तो गेम खेळल्याचाच समजावा. मग रकाने रंगवा. सुट्टी छान जाते.

सेल लागला की आणखी घ्या. ७५ टक्के सवलत सोडून देणं पाप आहे. एपिक या ऑनलाइन गेमच्या दुकानात आठवड्याला फुकट मिळतो, तोही घ्या. फुकटचा गेम खेळायचा नसतो, घ्यायचा असतो.

स्टीम या दुसऱ्या दुकानात गेम घेतल्यापासून १४ दिवसांत, आणि खेळून २ तास व्हायच्या आत मागितले तर पैसे परत मिळतात. म्हणून गेमला हात लावायला पंधरावा दिवस उत्तम.

एका वेळी सात गेम सुरू करा, म्हणजे कुठल्याच गेमची बटणं लक्षात राहणार नाहीत.

एवढं करूनही भागलं नाही, तर एखादा गेम खरोखर उघडा. मी परवा उघडला. एकट्याने खेळायचा, निव्वळ कथेचा गेम. 'प्ले' दाबलं तर आधी भलंमोठं अपडेट. ते उतरल्यावर कंपनीचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, उगवला. ज्या दुकानातून गेम घेतला त्याचा लाँचर मागे चालूच आहे, पण हा वेगळा. त्यालाही अपडेट. मग त्याला अकाउंट हवं. अकाउंट होतं, पासवर्ड आठवेना. नवा मागितला तर त्याची लिंक गेली मी केव्हाच बंद केलेल्या ईमेलवर. ईमेल बदलायचा? बदला की! फक्त जुन्या ईमेलवर आलेला कोड टाका. बरं, नवं अकाउंट काढलं, तर म्हणे हा गेम जुन्या अकाउंटला जोडलेला आहे. मदतीसाठी लिहिलं, तर आधी यंत्राने 'पासवर्ड विसरलात का?' या पानाची लिंक दिली, जिथून मी आलो होतो. मग माणूस भेटला. त्याने विचारलं, अकाउंट नेमकं कोणत्या तारखेला उघडलं होतं? अरे, मला भाच्याच्या वाढदिवसाची तारीख आठवत नाही!

कशीबशी सुटका झाली, तर शेडर कम्पाइल, म्हणजे चित्रांची पूर्वतयारी. मग करार, जो तळापर्यंत सरकवल्याशिवाय 'मान्य' उजळत नाही. आणि मग पडद्यावर : 'सर्व्हरशी संपर्क होत नाही. नंतर प्रयत्न करा.' कसला सर्व्हर? एकट्याने घोड्यावर बसून जंगलात फिरायला सर्व्हर कशाला लागतो? कंपनीवाल्यांनो, पैसे घेताना एक क्लिक पुरला ना तुम्हाला? तेव्हा नाही विचारलीत तारीख!

तुमच्या मदतीने बॅकलॉग कमी होतो, हे मात्र मान्य. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला, त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि त्यातला एकट्याने खेळायचा भागही गेला. ज्यांनी तो 'नंतर खेळू' म्हणून ठेवला होता, त्यांची यादी कंपनीनेच एकाने छाटली.

आणि वाचकहो, तुम्ही हसू नका. हे लाँचर तुमच्या जिवावर चालतात. स्टीमच्या पानावर उजवीकडे लिहिलेलं असतं, की या गेमला तिसऱ्याच कुणाचं अकाउंट लागेल. ते वाचायला दोन सेकंद पुरतात. जीओजी या दुकानात २००८ पासून डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप, नसलेले गेम मिळतात. इन्स्टॉलर उतरवून ठेवा, नेट गेलं तरी चालतो. पण नाही. तुम्हाला गेम पहिल्याच दिवशी हवा, तोही प्री-ऑर्डर करून, कारण त्यासोबत सोनेरी तलवार मिळते. ती तलवार मिरवायला तरी लॉगिन होतंय का बघा.