काका, वॉकिंगचे तिकडे आहेत

काही दिवसांपूर्वी एका रविवारी सकाळी जळगावातल्या बुटांच्या एका दुकानात मी विक्रेत्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितले की मला धावण्याचे बूट हवे आहेत. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. शर्टाचे चौथे बटण आणि त्याचे काज यांचे संबंध माझ्या बाबतीत गेली काही वर्षे ताणलेले आहेत, त्याची नजर नेमकी तिथे थबकली आणि तो म्हणाला, "काका, वॉकिंगचे तिकडे आहेत." पुढे जे काही घडले ते या एका वाक्यामुळे घडले, असे माझे आजही ठाम मत आहे.

रक्तातली साखर कशी वाढली, डॉक्टर काय म्हणाले आणि घरातला साखरेचा डबा कोणत्या फळीवर गेला, हे सांगत बसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक घरांत तो प्रयोग होऊन गेलेला असतो. मी मात्र दुकानात तयारीनिशी गेलो होतो. ओला पाय कोरड्या फरशीवर टेकवावा, उमटलेल्या ठशावरून तळव्याची कमान ओळखावी आणि त्याप्रमाणे बूट निवडावा, असे कुठेतरी वाचल्यामुळे मी त्या सकाळी न्हाणीघरापासून बैठकीच्या खोलीपर्यंत ठसे उमटवले होते. ते पाहून पत्नीने, "ही लक्ष्मी घरात येते आहे की निघाली आहे?" एवढेच विचारले आणि फरशी पुसण्याचे फडके माझ्या हाती दिले. अमेरिकेच्या सैन्याने हजारो नव्या जवानांना असे तळवे पाहून बूट देऊन पाहिले आणि तरीही त्यांच्या दुखापती इतरांपेक्षा फारशा कमी झाल्या नाहीत, हे माझ्या वाचनात नंतर आले. तोवर फरशी पुसून झाली होती.

"मला धावायचेच आहे," मी आवाज थोडा चढवून म्हणालो. मुलाने खांदे उडवले आणि माळ्यावरून निळ्या रंगाचा, केशरी नाडीचा एक जोड काढला. बुटाच्या जिभेवर तीन देशांचे आकडे होते: ब्रिटनच्या मते मी आठ होतो, अमेरिकेच्या मते नऊ आणि युरोपच्या मते बेचाळीस. ऑफिसच्या चामडी बुटात मी वीस वर्षे आठच आहे, त्यामुळे मी ब्रिटनची बाजू घेतली.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरून प्रश्न आला, "काबरं रे भाऊ? मांगे कोनी लागेल शे का?"

पांढरी टोपी, धोतर आणि मांडीवर कापडी पिशवी घेतलेले एक आजोबा आपल्या नातवासाठी शाळेचे कॅनव्हासचे बूट घ्यायला पारोळ्याकडून आले होते. कोणी पाठलाग करत नसताना माणसाने का पळावे, हा त्यांचा प्रश्न तसा बिनतोड होता. मी प्रकृती, रक्ताभिसरण, हृदय वगैरे शब्द वापरून उत्तर दिले. ते शांतपणे ऐकून त्यांनी विचारले, "तुले वावर शे का?" मी नाही म्हणालो. "मंग ठीक शे," असे म्हणून त्यांनी माझे प्रकरण निकाली काढले. ज्याला शेत नाही त्याला पळायला लागणारच, असा त्याचा अर्थ असावा.

प्रकरण निकाली निघाले तरी आजोबा निघाले नाहीत. त्यांनी किमतीची चिठ्ठी नातवाकडून मोठ्याने वाचून घेतली. सहा हजार चारशे नव्याण्णव हा आकडा दुकानभर घुमला. "इतलामा तं दूध देनारी बकरी येस भाऊ," ते म्हणाले, "नि ती सोता पयस, तुले पयानी गरज नही." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणे अधिक वाईट दिसले असते. मग त्यांनी माझा उजवा बूट हातात घेतला आणि भरिताचे वांगे निवडताना बाजारात जसे दाबून, उलटून, कानाशी नेऊन पाहतात तसा तो पाहिला. एवढ्यावर ते थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. मी उजवा पाय मोकळा करून बसलेलो असताना त्यांनी धोतराचा सोगा सावरला, तो बूट स्वतःच्या पायात घातला, एका पायात माझा बूट आणि दुसऱ्यात आपली वहाण अशा थाटात ते दारापर्यंत जाऊन आले आणि विक्रेत्या मुलाला म्हणाले, "अंगठाले जागा कोठे शे?"

"दोन दिवसांत सैल होतो, बाबा," मुलगा म्हणाला.

यावर आजोबांनी जे सांगितले ते मी तसेच लक्षात ठेवले आहे. "बैलले पत्री ठोकतस ती खुरना मापनी. पत्रीना मापनं खूर कोनी करस का?" आणि मग माझ्याकडे वळून, "सकायले लियेल वहान सांजले चावस." नातवासाठी त्यांनी दोन नंबर मोठे बूट घेतले, पुढच्या पोकळीत घरचा कापूस कोंबायचे ठरवले आणि दिवाळीपर्यंत पोराचा पाय भरेल असा हिशेब मांडला. कापसाच्या मुलुखात बुटाचा प्रश्न असा सुटतो.

आता या गोष्टीतली खरी चीड आणणारी बाब अशी की आजोबांचे प्रत्येक वाक्य बरोबर होते. दिवसभरात पाय किंचित फुगतो आणि धावताना आणखी फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी आणि त्यासाठी नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा लागला तर घ्यावा. चामडे पायानुसार सैलावते, जाळीचे कापड आणि फोम यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवू नये. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी पायांच्या हालचालींचा आयुष्यभर अभ्यास करून २०१५ साली साधारण हेच मांडले की जो बूट स्वतःच्या पायाला सुखाचा वाटतो तो निवडावा. पारोळ्याच्या आजोबांनी ते माझाच बूट घालून तीन मिनिटांत सांगितले होते.

मग मी नऊ नंबर का मागितला नाही? मागितला होता. साडेआठही मागितला होता. अर्धे नंबर आपल्याकडे येत नाहीत असे उत्तर मिळाले. नऊसाठी मुलाने माळ्यावर डोके घातले आणि खाली न पाहताच म्हणाला, "रनिंगमध्ये आठच उरलाय, काका. नऊ वॉकिंगमध्ये आहे." यानंतर स्वाभिमान असलेला कोणताही माणूस जे करेल तेच मी केले. पैसे भरले. आजोबांनी जाताना माझ्याकडे पाहून मान हलवली, ती मी दुकानातून बाहेर पडल्यावरही विसरू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी मेहरूण तलावावर होतो. जून उजाडला होता, पण उन्हाळ्याला ते कोणी कळवलेले नव्हते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार नेणाऱ्या आमच्या गावात उन्हाळ्याची पहाट म्हणजे कमी आचेवर ठेवलेली दुपार असते. मी १९९६ साली जॉश क्लार्क या अमेरिकन माणसाने आखलेली, खुर्चीतून उठवून नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर धावायला लावणारी पद्धत निवडली होती. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद धावायचे आणि नव्वद सेकंद चालायचे, असे एकूण वीस मिनिटे. साठ सेकंद ही किती प्रदीर्घ मुदत आहे हे ज्याला पाहायचे असेल त्याने माझ्या वजनासह धावून पाहावे. एका किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते; म्हणजे ब्याऐंशी किलोंचा मी तीन किलोमीटर रेटतो तेव्हा अडीचशेच्या आसपास कॅलरी जाळतो आणि तलावावरून परतताना एका कचोरीत त्या बहुतेक सगळ्या परत घेतो.

चौथ्या दिवशी उजव्या अंगठ्याचे नख जांभळे झाले, सहाव्या दिवशी काळे. १९६० साली रोममध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला बूट नीट बसेनात म्हणून अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉनचे सुवर्णपदक घेऊन गेला. मलाही तो मार्ग सुचला होता, परंतु तलावाच्या कडेच्या काचा, बाभळीचे काटे आणि कुत्र्यांनी मागे ठेवलेला ऐवज पाहता रोमचे रस्ते बरे असावेत.

बूट परत द्यायला गेलो तेव्हा त्याच मुलाने तळ उलटा करून मेहरूणची धूळ बोटावर घेतली, ती मला दाखवली आणि मान वर करून भिंतीवरच्या "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीकडे पाहिले. इथे मात्र माझा विनोद संपतो. धावण्याचा बूट धावल्याशिवाय कसा कळावा? वांगे दाबून घेता येते, कलिंगड ठोकून घेता येते, साडी दिव्याखाली आणि दारातल्या उजेडातही पाहता येते. साडेसहा हजारांचा बूट मात्र गालिच्याच्या तीन मीटरवर, लोकांसमोर, पोट आत ओढून पारखायचा आणि पायाने तक्रार केली की धूळ दाखवायची. अर्धा नंबर ठेवायचा नाही, आहे तो सैल होईल असे सांगायचे आणि तो झाला नाही तर दोष पायाचा. मी हे बोललो. मुलगा म्हणाला, "मालक रविवारी असतात."

हुरूप टिकवण्याविषयी लोक मला हल्ली फार सांगतात. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणे. लंडनच्या संशोधकांनी माणसांवर पाहिले तेव्हा सरासरी सहासष्ट दिवस निघाली, आणि काहींच्या बाबतीत गणित अडीचशेच्या पुढे गेले. मी नवव्या दिवशी आहे आणि त्यातले तीन दिवस नखाकडे पाहण्यात गेले आहेत. पहाटे गजर होतो, निळे बूट कोपऱ्यातून माझ्याकडे पाहतात, मी कूस बदलतो. खरे सांगायचे तर नख बरे असते तरी मी कूस बदललीच असती अशी शंका मला आहे, पण ती मी पत्नीला कळू दिलेली नाही. बूट चावत होते म्हणून धावणे थांबले, अशी घरात नोंद आहे.

काल संध्याकाळी त्या दुकानावरून जाणे झाले. आत माझ्याहून दहा किलोंनी जड असे एक गृहस्थ उभे होते. मुलाची नजर त्यांच्या बटणांपाशी थांबली, हात दुकानाच्या त्या टोकाकडे गेला आणि गृहस्थ निमूटपणे तिकडे वळले. मी रस्त्यापलीकडे चहा घेत थांबलो होतो. पाचच मिनिटांत ते नवे बूट पायात घालून आणि जुने पिशवीत टाकून बाहेर आले, आणि चौकापर्यंत अजिबात न लंगडता गेले.