किनोआला फेस येतो तो डिटर्जंटचा नाही

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: किनोआ या भगरीसारख्या बारीक धान्याला धुताना फेस येतो कारण त्यावर डिटर्जंट चोळतात; कडू चव म्हणजे विष; खायचाच असेल तर खूप उकळा; शिजल्यावर तर पांढऱ्या अळ्याच दिसतात. फेस येतो आणि कच्चा दाणा कडू लागतो, एवढंच यात खरं आहे.

‘डिटर्जंट चोळतात’
फेस सॅपोनिनचा असतो. झाड स्वतःच हे कडू द्रव्य तयार करतं आणि मुख्यतः दाण्याच्या सालीत साठवतं, त्यामुळे पाखरं दाणे टिपायला कचरतात. रिठा, शिकेकाईचा फेसही सॅपोनिनचाच. 2017 मध्ये किनोआचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाला, तेव्हा बियांमधल्या सॅपोनिनवर ताबा ठेवणारा जनुकही ओळखला गेला. म्हणजे कडूपणा वाणातच असतो. सॅपोनिन 0.11 टक्क्यांहून कमी असेल तो वाण गोडा, म्हणजे कडू नसलेला, मानतात.

‘कडू म्हणजे विष’
सॅपोनिन थेट रक्तात मिसळलं तर तांबड्या पेशी फोडतं, हे खरं. पण आतड्यातून ते फारच कमी शोषलं जातं. हरभरा, सोयाबीन, मेथीतही सॅपोनिन असतं. न धुतलेला किनोआ भरपूर खाल्ला तर मळमळ होऊ शकते, पोट दुखू शकतं. म्हणून धुणं टाळायचं नाही.

‘उकळलं की जातं’
सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. उकळण्याच्या उष्णतेने सॅपोनिन मोडत नाही, फक्त पाण्यात उतरतं. ते पाणी दाण्यातच आटवलं तर कडूपणा शिजलेल्या किनोआत परत येतो. भगर एकदा पाण्यातून काढली की झालं, तसं इथे चालत नाही.

एक वाटी किनोआ भरपूर गार पाण्यात घ्या. तळव्यांमध्ये अर्धा मिनिट चोळा आणि ते दुधट पाणी लगेच ओता. असं चार-पाच वेळा करा. दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो, मोठ्या भोकांच्या चाळणीतून निसटतो. मलमलचं फडकं वापरा. शेवटचं पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवा. फेस मिनिटभरात बसला तर झालं, दाट थर टिकला तर आणखी धुवा. दोन-चार दाणे चावून पाहिले तरी कळतं. मग पावणेदोन वाट्या पाणी, झाकण, मंद आच, पंधरा मिनिटं. गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवा.

रात्रभर भिजवायची गरज नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी आंबतं आणि दाण्यांना कोंब फुटू लागतात.

पाकिटावर ‘धुतलेला’ लिहिलं असलं तरी एकदा खळबळून फेस बघा. लाल-काळ्या रंगावरून कडूपणा ठरत नाही.

‘अळ्या दिसतात’
तो दाण्याचा अंकुर. दाण्याभोवती कड्यासारखा असतो, शिजल्यावर सुटतो. प्रथिनांचा मोठा वाटा त्यातच असतो, आणि नीट धुतल्याने तो जात नाही.

पीठ करायचं असेल तर धुऊन, सावलीत पूर्ण वाळवूनच गिरणीत द्या. न धुता दळलं तर कडूपणा पिठात उतरतो, मग काढता येत नाही. सालीची धूळ नाकात जाऊन शिंकाही येतात. ओलसर दाणा दिला तर जातं चिकटतं, पिठाला कुबट वास येतो.

निफाड, दिंडोरीकडे कुणी पोत्याने किनोआ धुणार असेल, तर ते पाणी मासे सोडलेल्या शेततळ्यात जाऊ देऊ नका. माशांच्या कल्ल्यांना सॅपोनिन घातक असतं.