दोन बाप आणि एक कूलर

नागपुरात लग्न जमवताना पत्रिका बघतात, नाडी बघतात, मुलाचं पॅकेज बघतात. समोरच्या घरी कूलर कसा चालवतात, हे मात्र कुणीच विचारत नाही. आमच्याही वेळी नाही विचारलं. लग्न डिसेंबरात झालं, सगळं गोडीगुलाबीनं चाललं. मग एप्रिल आला.

मी महालातल्या जुन्या घरात वाढलो. तिथे कूलर हे बाबांचं खातं. होळी झाली की ते कूलर अंगणात काढत, जुनी खस उपसून टाकत आणि पाण्याच्या नळीची क्षारानं बुजलेली भोकं गोधडीच्या सुईनं एकेक करून मोकळी करत. आम्ही पोट्टे बाजूला उकिडवे बसून राहिलेलं भोक शोधायचो. कारण एक जरी बुजलेलं राहिलं तर ताटीचा तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि गरम झोत नेमका तिथूनच तोंडावर येतो. बाबांचा कायदा असा: ताट्या भिजल्या की पंप बंद, पुढे नुसता पंखा. आणि दार लोटलेलं. "थंडावा काय रस्त्याला वाटून राहिला?"

बायको धरमपेठेतली. सासरे रिटायर्ड इंजिनिअर. त्यांच्याकडे पंप रात्रभर धो धो आणि कूलरसमोरची खिडकी सताड उघडी. "बाहेरची हवा आत घेऊन राहिलो, तर आतली जाईल कुठून?"

आता शास्त्र विचाराल तर खिडकीपुरतं सासऱ्यांचं बरोबर आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, म्हणून कूलर गार करतो. ती दमट हवा बाहेर गेली नाही, तर खोलीत नुसती चिकचिक. मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो, पण आपली हवा कोरडी, म्हणून तर कूलर इथे राज्य करतो. जुलैत त्यालाच कुणी विचारत नाही. हे सगळं मला रोज रात्री दहापर्यंत पटतं. दहानंतर हात आपोआप दाराकडे जातो. हात माझा, मनगट बाबांचं.

तिचंही तेच. पंपाची खळखळ थांबली की ती झोपेतून ताडकन उठते.

"काऊन बंद केला पंप?"

"ताट्या ओल्या आहेत."

"हे तुम्ही नाही, बाबा बोलून राहिले."

"अन् खिडकी कोणी उघडली? तू की तुझ्या पप्पांनी?"

एरवी आम्ही समजूतदार माणसं आहोत. पैसे, पोराची शाळा, सावजीचं तिखट, सगळ्यावर एकमत. दर रविवारी कूलरची टाकी रिकामी करून घासायची, हा तिच्या माहेरचा नियमसुद्धा मी मुकाट्यानं घेतला. आमच्याकडे भरलेलं पाणी फेकणं म्हणजे पाप. पण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात म्हटल्यावर घराण्याची परंपरा गुंडाळून ठेवावी लागते.

गेल्या नवतप्यात, म्हणजे 25 मेनंतरच्या त्या नऊ दिवसांत, सासऱ्यांकडे वायरिंगचं काम निघालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. हॉलमध्ये बाबा, सासरे आणि एकच कूलर. आम्ही नवरा-बायको भिंतीला कान लावून. आज हायकोर्टाचा निकाल लागणार होता.

आधी खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग पंप बंद झाला. मग चालू. मग खिडकी लागली. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग दोघं सतरंज्या, उशा, पाण्याचा तांब्या घेऊन जिना चढताना ऐकू आले.

"या डबड्याच्या आवाजात माणसाला झोप येते काय?"

"हाव ना. गच्चीसारखी झोप नाही बाप्पा."

आम्ही खाली एकमेकांकडे बघत बसलो. दार अर्धं उघडं, खिडकी अर्धी लोटलेली. तेवढ्यात वरून बाबांनी आवाज दिला, "अरे, पंप बंद केला का?"

पाठोपाठ सासरे, "अन् खिडकी उघडा!"