खापरपणजीचा नंबर

'कुणबी' या तीन अक्षरांवरून माहेरच्या ग्रुपवर पुन्हा जुंपलीय. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मोडीत ही नोंद सापडली म्हणून चुलतभाऊ खूश, आणि नानाकाकांचा अपमान झालेला: 'कणकवलीत आपल्याला कोण कुणबी म्हणतो? आपण शहाण्णव कुळी!' २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हापासून हेच. मी सकाळी इथे मॉरिशसमध्ये, रोझ हिलला मेट्रोची वाट बघत हे वाचते आणि मनात म्हणते, काका, एकदा मोकाला या.

मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्यांची, म्हणजे करारावर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांची रजिस्टरं आहेत. १८३४ पासून मॉरिशसला उतरलेल्या साडेचार लाखांवर माणसांची. नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, वय, उंची, अंगावरची खूण. आणि प्रत्येकाला नंबर. ऑफिसातली मैत्रीण जन्म-लग्नाच्या दाखल्यांची चळत घेऊन गेली आणि खापरपणजीचा नंबर घेऊन आली. जिल्हा रत्नागिरी, गाव राजापूर, उंची चार फूट आठ इंच. नवऱ्याचा नंबर वेगळा, हिचा वेगळा! मैत्रीण फोनवरचा तो फोटो आठवडाभर सगळ्यांना दाखवत होती, कॅन्टीनवाल्यालासुद्धा.

इथल्या कितीतरी मराठी घरांची आडनावं म्हणजे कुणा पूर्वजाचं पाळण्यातलं नाव. सखाराम, बाबाजी, बापू. कारकुनाला ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, तेच पिढ्यान्‌पिढ्या चाललं. शहाण्णव कुळांचा प्रश्नच मिटला. हे मी ग्रुपवर जरा ठसक्यातच लिहिलं.

त्या रजिस्टरांत जातीचाही रकाना असतो, हे मात्र लिहिलं नाही. शिवाय मैत्रीण आता ओसीआय कार्डाच्या मागे आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं त्या. २०२४ मध्ये ते सातव्या पिढीपर्यंत खुलं केल्याची घोषणा झाली ना. म्हणजे जुना कागद तिलाही कशासाठी तरी हवाच. भावाला मुलीच्या ॲडमिशनसाठी हवाय, तर मी इतकी का चिडते?

परवा काकांनी हाताने काढलेली वंशावळ टाकली. सात पिढ्या, सगळे पुरुष. मी ती बोटांनी मोठी करकरून पाहिली. बाबांच्या खाली भाऊ आहे, शेजारी कागद कोरा. सासरच्या वंशावळीत मला कुणी शोधणार नाही. इथे माझ्या नावावर काय, तर राहण्याचा परवाना, तोही नोकरी असेतो. पाहुणे आले की आप्रवासी घाटाच्या, म्हणजे गिरमिटे उतरले त्या धक्क्याच्या सोळा पायऱ्या मीच दाखवते, जणू माझंच कुणी त्या चढून आलं होतं.

काल मैत्रिणीने विचारलं, राजापूर कसं आहे गं? मुंबईला जाताना एसटी तिथे वडा खाण्यापुरती थांबायची, तेवढंच माझं राजापूर. तरी मी तासभर सांगत बसले. ती लिहून घेत होती.